नाव घातलेली भांडी

साताऱ्याचं घर रिकामं करायला आम्ही गेलो तेव्हा माळा माझ्या वाट्याला आला. आजी जाऊन वर्ष झालं होतं, वाडा पाडून तिथं इमारत व्हायची होती आणि मामाने मोडवाल्याला दुपारी तीनची वेळ देऊन ठेवली होती. तोवर मी वरची तांब्या-पितळेची भांडी खाली द्यायची, आईने त्यातलं काय ठेवायचं ते बाजूला काढायचं, उरलेलं वजनावर जाणार. शिडीवर भाऊ उभा. मी एकेक त्याच्या हातात देत होते. घंगाळ, दोन हंडे, कळशी, बुडाला चीर गेलेली परात, जर्मनच्या डब्यांची उतरंड आणि तपेल्या. अकरा तपेल्यांनंतर मी मोजणं सोडलं.

काम अडलं ते मी नावं वाचायला लागले म्हणून.

प्रत्येक भांड्याच्या काठाखाली, नाहीतर बुडाला, टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं होती. आजोबांच्या आत्याचं नाव. ‘सप्रेम भेट’. ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’. कुणाच्या तरी मुंजीची तारीख. एका कडीच्या डब्यावर ‘सौ.’ लावून असं एक नाव होतं, जे आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं. खालून मामा ओरडत होता, “अगं, पोथी वाचतेयस का वर?”

हल्लीच्या मुलांना हे सांगावं लागतं. भांडं विकत घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायचं, हा खरेदीचाच भाग होता. माझ्या लहानपणी कासाराच्या दुकानाबाहेर एक माणूस स्टुलावर बसलेला असायचा. त्याच्या हातात पेनाएवढं यंत्र, आणि स्टीलच्या ताटलीवर टर्रर्र करत तो अक्षरं उमटवायचा. चिठ्ठीवर नाव लिहून दिलं नाही तर ऱ्हस्व-दीर्घ त्याच्या मर्जीवर. त्याआधीची पिढी छिन्नी-हातोडीने ठोकायची. आमच्या माळ्यावरची भांडी त्या काळातली. ही हौस नव्हती, गरज होती. लग्नामुंजीत पंगतीसाठी सगळ्या आळीतली पातेली, पराती, ओगराळी गोळा व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी राखेने घासलेल्या त्या ढिगातून आपापलं उचलून न्यायचं तर नावाशिवाय कसं ओळखणार? सगळी तपेली सारखीच दिसतात.

तिथं माळ्यावर, नाकातोंडात धूळ जात असताना, मला एक पाव आठवला.

तो मी इटलीत, नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात पाहिला होता. त्या संग्रहालयात जाणारा माणूस आधी खालच्या मजल्यावरच्या प्रचंड संगमरवरी पुतळ्यांनी दबून जातो. सोट्याला टेकून दमलेला हर्क्युलीस आहे, त्याची पोटरीच माझ्या कंबरेएवढी. मला अशा पुतळ्यांपुढे फार वेळ उभं राहवत नाही. कौतुक करून झालं की पाय दुखतात. पण पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम या राखेखाली गाडल्या गेलेल्या रोमन गावांच्या घरांतून निघालेल्या वस्तू लागल्या आणि मी तिथंच रेंगाळले. काशाची पातेली, तव्यांच्या लांब दांड्या, गाळण्या, तागड्या, कुलपं, सुया. त्यांच्यात एक काळाकुट्ट पाव.

आपला लादीपाव नव्हे. आकाराने भाकरीएवढा गोल, पण चांगला जाड, आणि वरून केक कापतात तशा खुणांनी आठ भाग पाडलेला. भाजण्याआधीच त्या खुणा पाडलेल्या, म्हणजे खाताना हाताने सहज तोडता यावं. रंग कोळशाचा, कारण तो कोळसाच आहे. व्हेसुव्हियस हा तिथला ज्वालामुखी इ.स. 79 मध्ये फुटला, तेव्हा हर्क्युलेनियमवर तापलेली राख आणि वायू यांचे लोट आले आणि गावावर वीसेक मीटरचा थर बसला. आच भयंकर, पण हवा नाही. आपल्याकडे कोळसा पाडणारे लाकूड रचून वर माती लिंपतात आणि आत कोंडून जाळतात, ते ज्याने पाहिलंय त्याला हे लगेच कळेल. लाकूड जळून राख होत नाही, आकार तसाच ठेवून काळं होतं. हर्क्युलेनियममध्ये म्हणून कपाटं राहिली, पलंग राहिले, लाकडी पाळणा राहिला. आणि हा पाव.

त्या पावाच्या एका फोडीवर शिक्का आहे. भाजण्याआधी ओल्या कणकेवर दाबलेला. त्यात लिहिलंय: सेलेरचा, क्विंटस ग्रानियस व्हेरस याच्या गुलामाचा. लॅटिनमध्ये ‘चा’ वेगळा लिहावा लागत नाही, तो नावाच्या शेपटीला चिकटूनच येतो. सेलेर, सेलेरिस. आपल्यासारखंच.

शिक्का कशासाठी, तर अभ्यासकांचं म्हणणं असं की कणीक घरी मळायची आणि पाव भाजायला भट्टीवर न्यायचे. भट्टीत एका वेळी किती पाव असायचे याचा अंदाज पॉम्पेईत येतो. तिथल्या एका भट्टीत 1862 मध्ये 81 पाव जसेच्या तसे मिळाले, घातले तेव्हापासून कुणी काढलेच नव्हते. इतक्या पावांत आपला कुठला? सगळे गोल, सगळे आठ फोडींचे. आळीतल्या तपेल्यांसारखे. मग शिक्का लागतोच. असे काशाचे छोटे शिक्के ढिगाने सापडले आहेत. मागे बोटात घालायची कडी आणि पुढे उलटी अक्षरं.

त्या काचेपाशी उभी असताना मला हे काहीच एवढं सुचलं नव्हतं. तेव्हा मी फक्त फोटो काढला आणि पुढे गेले. माळ्यावर मात्र एक गोष्ट टोचली. रोमन कायद्याने गुलामाचं स्वतःचं काही नसतं. तो स्वतःच दुसऱ्याच्या मालकीची वस्तू. मालकाने मेहेरबानीने थोडं गाठीला बांधू दिलं तरी तेही शेवटी मालकाचंच. तरी पावावर पहिलं नाव सेलेरचं आहे. मालकाचं नाव आहे, पण सेलेर कोणाचा एवढं सांगण्यापुरतं. याचं कारण सरळ असावं. भट्टीवर रांगेत उभा राहणारा सेलेर, पाव ओळखून घेणारा सेलेर, कमी पडला तर बोलणी खाणारा सेलेर. मालकाचा भट्टीशी काय संबंध?

आमच्या तपेल्या ज्यांनी पन्नास वर्षं घासल्या त्या बाईंचं नाव एकाही भांड्यावर नाही. मी शोधलं नव्हतं, पण नसणार हे मला ठाऊक आहे. त्यांना आम्ही ‘मावशी’ म्हणायचो. त्यांचं नाव आईलाही आठवेना.

सेलेर या शब्दाचा अर्थ चपळ. नाव आईबापांनी ठेवलेलं असेल असं धरून चालता येत नाही. गुलामाला नाव द्यायचा हक्क मालकाचा, आणि मालक अशीच नावं ठेवत: चपळ, नशीबवान, लाडका. कुत्र्या-घोड्यांना ठेवतो तशी. आणि समजा सेलेरची पुढे सुटका झाली असती, तर रीतीप्रमाणे मालकाचं नाव आणि कुळ त्याला पुढे लावावं लागलं असतं. क्विंटस ग्रानियस सेलेर. मोकळं होण्याचा पुरावा म्हणजे मालकाचं नाव कायमचं अंगावर.

एवढ्यात आईने खालून दोन तपेल्या शेजारी शेजारी ठेवून विचारलं, “या दोन्ही आईच्याच बघ. कुठली ठेवू?” एकीवर एक नाव होतं, दुसरीवर दुसरं. मी म्हटलं दोन्ही आजीच्या कशा? आई हसली. एक माहेरची, लग्नात बरोबर आलेली. तिच्यावर आजीचं जन्माचं नाव. दुसरी नंतर घेतलेली. लग्नात नाव बदललं होतं ना, ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहितात ते. मला हे माहीत नव्हतं. चाळीस वर्षं मी जिला आजी म्हणत होते तिचं पहिलं नाव मला एका तपेलीच्या बुडाला वाचायला मिळालं. रेशनकार्डावर ते नाही, सातबाऱ्यावर नाही, पेन्शनच्या पुस्तकात नाही.

गुलामाची आणि आजीची तुलना मला करायची नाही. आजीला ते आवडलं नसतं, आणि ती खरीही नाही. आजी घरात सगळ्यांना धाकात ठेवून होती. पण दोन तपेल्या समोर होत्या आणि मी बराच वेळ शिडीच्या वरच्या पायरीवर बसून राहिले, हेही खरं.

रोममध्ये सम्राट डायोक्लेशियनच्या स्नानगृहांच्या जागेत जे संग्रहालय आहे, तिथं एक लोखंडी कडं आहे. गळ्यात घालायचं. त्याला काशाची एक गोल चकती लटकते, आपण कुत्र्याच्या पट्ट्याला लावतो तेवढी. चौथ्या-पाचव्या शतकातलं. चकतीवरचा मजकूर साधारण असा: मी पळालोय, मला धर, माझा मालक झोनिनस याच्याकडे मला परत आणलंस तर तुला एक सोन्याचं नाणं मिळेल. बोलतंय कडं, ‘मी’ म्हणून. ज्याच्या गळ्यात होतं त्याचं नाव मात्र त्यावर नाही. पावावर गुलामाचं नाव येतं, गळ्यावर येत नाही. नाव कुठं घालायचं आणि कुठं नाही, याचा हिशेब त्या लोकांचा पक्का होता.

परत आणून देणाऱ्याला बक्षीस, ही भाषा पॉम्पेईच्या भिंतीवरही भेटते, पण तिथं हरवलेली वस्तू खरोखरच वस्तू आहे. एका दुकानातून काशाची घागर गेली. दुकानदाराने भिंतीवर रंगवून घेतलं: आणून देईल त्याला 65 सेस्टर्स (रोमन नाणी), चोर पकडून देईल त्याला त्याचे वेगळे. घागर मिळाली की नाही, देव जाणे. भिंत मात्र राहिली. पॉम्पेईच्या भिंतींवर असं हजारोंनी लिहिलेलं आहे, आणि त्या लिहिण्याला कंटाळलेल्या कुणीतरी एक दोन ओळींचा श्लोक लिहून ठेवलाय: हे भिंती, इतक्या लिहिणाऱ्यांचा कंटाळवाणा मजकूर अंगावर वागवूनही तू कोसळून पडली नाहीस याचं मला नवल वाटतं. गंमत म्हणजे हाच श्लोक गावात एकाहून जास्त ठिकाणी लिहिलेला सापडला. तक्रार करणारेही तेवढेच.

ज्याला भिंत पुरत नसे तो देवाकडे जाई. इंग्लंडातल्या बाथ गावी गरम पाण्याचे झरे आहेत, तिथं रोमन काळात सुलिस मिनर्व्हा या देवीचं ठाणं होतं. शिशाच्या पातळ पत्र्यावर शाप कोरायचा, गुंडाळी करायची आणि पाण्यात टाकायची. असे 130 च्या आसपास पत्रे त्या झऱ्यातून निघाले. त्यातला डोसिमेडिस नावाच्या माणसाचा मला फार आवडतो. त्याचे दोन हातमोजे चोरीला गेले. त्याची मागणी अशी की चोराची बुद्धी जावी आणि डोळे जावेत. हातमोज्यांसाठी! आमच्या आजीने पाटा-वरवंटा नेणाऱ्या शेजारणीला जे शाप दिले होते ते याच वजनाचे होते, फक्त शिशावर लिहिले नव्हते.

रोमन सैन्याच्या छावण्यांमधून लाल मातीच्या गुळगुळीत ताटल्या-वाडगे निघतात. शिपायांनी आपापल्या ताटलीच्या बुडाला टोकदार काहीतरी घेऊन नाव खरवडलेलं असतं. वेडीवाकडी अक्षरं, मध्येच हात घसरलेला. मी होस्टेलच्या मेसमधल्या ताटावर कर्कटकाच्या टोकाने आद्याक्षरं कोरली होती, तशीच.

सगळीच नावं मालकाची नसतात. पहिल्या शतकात एनियन नावाचा एक काचकारागीर होऊन गेला, भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावरचा. काच फुंकून साच्यात फुगवायची, ही तेव्हा नवी युक्ती. त्याचे प्याले, सुरया आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. निळी, मधासारखी पिवळी, हिरवट काच, अंगावर वेलबुट्टी इतकी रेखीव की नजर हटत नाही. त्याच्या काही प्याल्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरांत आहे, एनियनने केलं. दुसऱ्या बाजूला: विकत घेणाऱ्याची आठवण राहो.

हे वाचून मला नावं घालणारा तो स्टुलावरचा माणूस आठवला. पण एनियनने यंत्र हातात घेऊन गिऱ्हाइकाला “नाव काय घालू?” असं विचारलं नाही. अक्षरं साच्यातच कोरून टाकली. घेणारा कुणीही असो, आठवण त्याची. दोन हजार वर्षांत एनियनचं नाव सगळ्यांना ठाऊक झालं, घेणाऱ्यांपैकी एकाचंही नाही, आणि तरी ते वाक्य खोटं पडलं असं म्हणवत नाही, कारण मी आत्ता त्याच माणसाचा विचार करतेय ज्याने दुकानात उभं राहून हा प्याला उजेडात धरून पाहिला असेल, किंमत ऐकून परत ठेवला असेल, आणि पुन्हा उचलला असेल.

चित्रकारांच्या नशिबी तेही नाही. पॉम्पेईतल्या भिंतींवरची चित्रं जग पाहायला येतं. तांबडी भिंत, त्यावर देव-देवता, बागा, पक्षी, अर्धी सोललेली फळं, पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्याची झळाळी. रंगवणारे कोण? एका घराच्या बागेतल्या बैठकीपाशी दोन शब्द आहेत, लुसियसने रंगवलं. एवढंच. खरं सांगायचं तर लुसियसची ती चित्रं तिथल्या चांगल्या चित्रांत मोडत नाहीत. सरस हात असलेले बिनबोभाट निघून गेले आणि सही करून गेला हा. ऑफिसात असं पाहिलेल्यांना नवल वाटणार नाही.

ज्यांची चित्रं काढली त्यांचीही नावं क्वचितच. इजिप्त रोमन अमलाखाली असताना तिथं ममीच्या चेहऱ्यावर मृताचं रंगीत चित्र बसवत. मोठे डोळे, ओठांवर ओलसर चमक. लोकलमध्ये समोरच्या बाकावर बसलेली वाटावीत अशी माणसं. अशी शेकडो चित्रं जगात आहेत आणि बहुतेक अनाम. त्यातल्या एकीवर मात्र लिहिलंय, हर्मियोनी, आणि पुढे एक शब्द ज्याचा अर्थ शिकवणारी किंवा शिकलेली असा होतो. हावारा या ठिकाणी ती पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना सापडली आणि आता केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात आहे, जे मुलींच्या शिक्षणासाठीच निघालं होतं. कुणाची बायको, कुणाची मुलगी ते लिहिलेलं नाही. नाव आणि शिक्षण. ती मला फार भाग्यवान वाटते, मेलेली असूनही.

आणि एक बाहुली. रोममध्ये 1889 मध्ये न्यायालयाच्या नव्या इमारतीचा पाया खणताना दगडी शवपेटी सापडली. झाकण उघडलं तर आत पाणी साचलेलं आणि कवटीभोवती केस तरंगताहेत असं दिसलं. लोक घाबरले. ते केस नव्हते, पाण्यातल्या वनस्पतीचे तंतू होते. पेटीवर नाव, क्रेपेरिया ट्रायफेना. वीसेक वर्षांची मुलगी, दुसऱ्या शतकातली. बरोबर वीतभर उंचीची हस्तिदंती बाहुली. कोपर, गुडघे वळणारी, त्या काळच्या फॅशनचा अंबाडा घातलेली, हातात इवलीशी किल्ली असलेली अंगठी. रोमन मुली लग्नाआधी आपली खेळणी देवीला वाहून टाकत. हिची बाहुली हिच्याजवळच राहिली. मुलीच्या स्वतःच्या अंगठीवर एक नाव कोरलंय, फिलेटस. हा कोण? ठरलेला नवरा असावा, असं सगळे म्हणतात. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ लाडका. हे मात्र गुलामालाही ठेवायचं नाव. मी एवढंच म्हणते आणि गप्प बसते.

नेपल्सच्या त्याच संग्रहालयात आणखी एक हस्तिदंती बाई आहे, आणि ती आपल्याकडची आहे. ‘आपल्याकडची’ हे मी जरा जपून म्हणते. अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला ती 1938 मध्ये पॉम्पेईच्या हमरस्त्यावरच्या एका घरात मिळाली. उंची साधारण 24 सेंटिमीटर. समोर तोंड करून उभी, एक पाय दुसऱ्यावर आडवा, मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, पायांत घोट्यापासून वर चढत गेलेले तोडे, गळ्यात माळा, कमरेला मेखला आणि त्यापलीकडे वस्त्र म्हणावं असं फारसं काही नाही. दोन्ही बाजूंना शृंगाराचं सामान घेतलेल्या दोन छोट्या दासी. सापडल्याबरोबर तिला लक्ष्मी म्हटलं गेलं आणि ते नाव चिकटलं. पॉम्पेईची लक्ष्मी. आता बहुतेक अभ्यासक म्हणतात, ही लक्ष्मी नव्हे, यक्षी असेल. तिच्या डोक्यातून आरपार भोक आहे, म्हणजे ती आरशाची मूठ असेल नाहीतर एखाद्या छोट्या चौरंगाचा पाय. देवी म्हणून ती तिथं कुणी ठेवलेली नव्हती, घरातलं सामान होती. तिच्यावर नाव घातलं ते आपण, अठराशे-एकोणीसशे वर्षांनी.

तिच्या बैठकीवर खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर आहे. नाव नव्हे, जोडणाऱ्याच्या सोयीची खूण, हा भाग इथं बसवायचा. खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, म्हणून काहीजण तिला तिकडची म्हणतात. पण अगदी तिच्या बहिणी शोभाव्यात अशा हस्तिदंती मूर्ती दोन ठिकाणी मिळाल्या, जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं तेर. पायाखाली माती तुडवताना मूल तुडवलं गेलं तरी ज्यांना कळलं नाही, त्या संत गोरा कुंभारांचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून गोमेदासारखे दगड येतात, तगरहून साधं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल, गाड्यांत घालून, बिनरस्त्याच्या मुलखातून. तगर म्हणजे हेच तेर.

तेरच्या संग्रहालयात मी एकदा गेले होते. तेरच्याच रामलिंगअप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षं गोळा केलेल्या वस्तूंवर ते उभं आहे. मला तिथं हस्तिदंतापेक्षा मातीची नाणी जास्त भावली. नाणी नव्हेतच ती. रोमन नाण्यावरचा सम्राटाचा छाप मातीत उठवून भाजलेल्या चकत्या, दोऱ्यात ओवायला भोक असलेल्या. खरं सोन्याचं रोमन नाणं सावकाराच्या बायकोच्या गळ्यात. कुणा कुंभाराने त्याचा छाप मातीत उतरवला आणि ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्या गळ्यातही टायबेरियस लटकला. बेन्टेक्सच्या पाटल्या घालून लग्नाला जाणाऱ्या माझ्या जातीच्या बायकांना यातलं सुख सांगायला नको.

तिकडे रोमला याच सोन्याचा राग होता. थोरला प्लिनी हा रोमन लेखक आपल्या ग्रंथात कुरकुरतो की असं एक वर्ष जात नाही ज्यात हिंदुस्थान आपल्याकडून पाच कोटी सेस्टर्सपेक्षा कमी ओढून नेतो. मिरी, मलमल, रत्नं, हस्तिदंत, बायकांचे नखरे. हाच प्लिनी इ.स. 79 मध्ये नेपल्सच्या उपसागरातल्या आरमाराचा प्रमुख होता. व्हेसुव्हियसवरचा ढग पाहून तो गलबतं घेऊन लोकांना सोडवायला निघाला आणि किनाऱ्यावरच मेला. त्याच दिवसांत, त्याच राखेखाली, पॉम्पेईतल्या एका घरात ती हिंदुस्थानी उधळपट्टी नीट पुरली गेली. तिची किंमत प्लिनीच्या पाच कोटींत धरलेली होती का, हे विचारायला तो उरला नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी मोडवाला आला. तागडी नव्हती, काटा इलेक्ट्रॉनिक. त्याने एकेक भांडं उचलून बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं, तांबं कुठलं, पितळ कुठलं, कथलाचा डाग कुठं. नाव एकावरही वाचलं नाही. हंडे गेले, परात गेली, आत्याबाईंची कळशी गेली. आईने घंगाळ ठेवलं आणि आजीच्या दोन्ही तपेल्या ठेवल्या. मामाने विचारलं, दोन कशाला, एक पुरे. आईने उत्तर दिलं नाही.

उरला तो कडीचा डबा, परक्या नावाचा. आईने हातात घेतला आणि म्हणाली, “हा आपला नव्हे. त्या मागच्या सोप्यात राहायच्या ना, त्यांचा. दादाच्या मुंजीत चिवड्याला आणला होता.” मुंज साठ वर्षांपूर्वीची. त्या बाई गाव सोडून कधी गेल्या, कुठं गेल्या, कुणालाच माहीत नाही. मामा म्हणाला, “मग टाक की काट्यावर.” मोडवाला हात पुढे करून उभा.

आईने डबा दिला नाही. पदराने आतून पुसला, स्वयंपाकघरात जे काही उरलं होतं त्यातून मूठभर साखर आणून त्यात घातली आणि कडी लावली. मी म्हटलं, “अगं, द्यायचा कुणाला?”

“ते नंतर बघू,” आई म्हणाली. “रिकामा कसा द्यायचा?”